कुणाच्या गळ्यासाठी?

“हा कुणाच्या गळ्यासाठी?” मी विचारलं.

समोर उगारे प्रतिष्ठानचा माणूस, रणदिवे. एका हातात सोनेरी स्टिकरची गुंडाळी, दुसऱ्या हातात यादी. बूट दाराबाहेर काढा म्हणून तीनदा सांगून झालं होतं, तरी गडी लाकडाच्या भुश्शात बुटांसकट उभा.

“म्हणजे?”

“म्हणजे हा तंबोरा मांडीवर घेऊन गाणार कोण? बाई की बाप्या? काळी चारमध्ये गाणार की काळी पाचमध्ये? काहीतरी सांगाल की नाही?”

“ताई, हा शाळेसाठी आहे. एकशे एक शाळा, एकशे एक तंबोरे.”

“शाळेला गळा असतो का हो?”

आतून अब्बा खोकले. हा खोकला मी ओळखते. सर्दीचा नव्हे, बिल्कीस गप बस म्हणणारा.

रणदिवेने विषय बदलला. त्याला प्रत्येक तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी पडद्यावर, तळहाताएवढा स्टिकर लावायचा होता. ‘उगारे प्रतिष्ठान, सांगली’. मी म्हटलं, तबलीवर कागद डकवलात तर आवाज कोंडेल. “मग मागं भोपळ्यावर लावू,” तो म्हणाला, आणि लगेच त्याचं तोंड पडलं. “पण तिथला फोटोत येणार नाही.”

मला हसू आलं. अब्बा परत खोकले.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेत आमच्या गल्लीत घरोघरी सतारी-तंबोरे होतात. दुकानावर पाटी ‘दस्तगीर अँड सन्स’. दस्तगीर म्हणजे माझे अब्बा, आणि सन्स म्हणजे मी. भाऊ नाहीच. पाटी अब्बांच्या निकाहाच्या वर्षी रंगवलेली, मोठ्या उमेदीने. अम्मी गेली तेव्हा मी नववीत होते. शाळा सुटली आणि कानस हातात आली.

कानस कशाला, ते सांगते. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा घासून असा उतरता करायचा की तार त्याला जेमतेम चाटून जाईल. मग ती नुसती वाजत नाही, बोलत राहते. एकदा छेडली की गुंजन संपतच नाही. याला म्हणायचं जवारी. केसाएवढं जास्त घासलं गेलं की घोडी फुकट. आणि जवारी सगळ्यांना एक चालत नाही. ज्याचा जो सूर, पेटीवरची जी काळी-पांढरी पट्टी, त्या सुरावर तार चढवून, त्याच सुरात घासायची. म्हणून आमच्या घरची रीत अशी की गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की आधी पाणी द्यायचं आणि मग विचारायचं, कुणाच्या गळ्यासाठी? गाणारा समोर बसून ‘सा’ लावतो, तो ऐकायचा, वहीत लिहायचा, मगच कानसीला हात. माझ्या आज्यापासून ही वही चालत आलेली आहे.

आणि जिनदत्त उगारे म्हणजे कोण, तेही सांगायला पाहिजे. कुपवाडला त्यांचा पंपांचा कारखाना. हजारभर माणूस कामाला. दवाखाना बांधला, मुलींचं वसतिगृह बांधलं, दरवर्षी मोतीबिंदूची शिबिरं. संगीत सभेला तीन दिवस मांडी घालून पहिल्या रांगेत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही भलतंच समजाल. त्यांच्याच शिबिरात अब्बांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. पट्टी काढली त्या दिवशी उगारेसाहेब स्वतः खाटेपाशी उभे होते. अब्बांना नव्या डोळ्यांनी पहिला माणूस दिसला तो हा. तेव्हापासून अब्बांच्या लेखी वर अल्ला आणि खाली उगारेसाहेब.

त्यामुळे साहेबांच्या पासष्टीला एकशे एक तंबोरे पाहिजेत, चार महिन्यांत, असा निरोप घेऊन रणदिवे आला, तेव्हा अब्बांनी पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. “झाले म्हणून समजा!”

गल्लीतल्या सगळ्या कारखान्यांनी हात लावला. कुणी भोपळे कापले, कुणी दांड्या तासल्या, कुणी पॉलिश केलं. डिसेंबर संपताना एकशे एक तंबोरे भिंतींना टेकून उभे राहिले. काय देखणे दिसत होते म्हणून सांगू! येणारा-जाणारा थांबून बघायचा.

पण जवारी? अब्बांची अट, आपल्या नावाच्या तंबोऱ्याला परक्या हाताची जवारी नको. आणि आपला हात म्हणजे कुणाचा? इथेच खरी मेख होती. चार वर्षांपासून अब्बांचा उजवा हात थरथरायचा. चहाची बशी धरवत नव्हती, कानस कुठली धरवणार? जवारी मीच करत होते. बाहेर कुणाला माहीत नव्हतं. गवई यायचे, तार छेडायचे, डोळे मिटून म्हणायचे, “वा! दस्तगीरचा हात तो दस्तगीरचा हात.” अब्बा मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं, काय नम्र माणूस आहे. मी पडद्याआडून चहा पाठवायची.

हाताशी तीन आठवडे. मी दिवसाला एक या हिशेबाने बसले. कुणाच्या गळ्यासाठी ते माहीत नाही, म्हणून मग मीच आसपासच्या शाळांत निरोप धाडले, ज्या मुलीला तंबोरा देणार आहात तिला घेऊन या. एकोणीस शाळांतनं आल्या. एकोणीस झाले. ब्याऐंशी राहिले.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी रणदिवे टेम्पो घेऊन आला. मी दारात आडवी उभी राहिले. “हे ब्याऐंशी जायचे नाहीत. मुके आहेत.”

“ताई, अब्बांशी बोलणं झालंय माझं,” तो म्हणाला. “आपण सीडी लावतोय. तंबोऱ्याची रेकॉर्ड केलेली सीडी, मोठ्या स्पीकरवर. मुलींनी नुसती बोटं फिरवायची. विक्रमाच्या पुस्तकाची माणसं मुंबईहून येणारेत, त्यांना आकडा मोजायचाय, जवारी नाही.”

मी अब्बांकडे वळले. ते घोड्यांचा डबा उघडून उगाच आत बघत होते.

“अब्बा, तुम्हाला माहीत होतं?”

“बिल्कीस, ज्या माणसाने मला डोळे दिले, त्याच्या घरच्या कार्यात मी विघ्न आणू?”

“तुमचे डोळे आले म्हणून त्या ब्याऐंशी पोरींचे कान गेले तरी चालतील? त्यांना जन्मभर वाटेल, तंबोरा म्हणजे हे असलंच असतं. वर आपलं नाव आहे त्याच्यावर!”

“कार्यक्रमानंतर एकेक करून देऊ.”

“कोण आणून देणार? हा?” मी रणदिवेकडे बोट केलं. “फोटो निघाला की हे पेटीत जाणार आणि पेटी कपाटावर.”

रणदिवे म्हणाला, “ताई, तुम्ही फार मनावर घेता.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अब्बांचा हात इतका थरथरायला लागला होता की डब्यातल्या घोड्या वाजत होत्या. मी दारातनं बाजूला झाले. बाजूला झाल्याचा राग मला अजून येतो, माझाच.

दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळचे दहा. शाळेच्या पटांगणावर मांडव. स्टेजवर पायऱ्यापायऱ्यांनी एकशे एक मुली, पांढऱ्या साड्या, केसांत अबोली, मांडीवर तंबोरे. खाली पहिल्या रांगेत उगारेसाहेब, अंगात साधा खादीचा सदरा. शेजारी दोन मंत्री. अब्बांचा सत्कार होता, म्हणून आम्हा दोघांना स्टेजच्या कडेला खुर्च्या दिल्या होत्या. माझ्या खुर्चीला लागूनच पहिल्या पायरीवरची शेवटची मुलगी. काटकुळी, तेराएक वर्षांची. पदरावर शाळेचं नाव टाचलेलं, सावळज.

निवेदिकेने इशारा केला. एकशे एक बोटं फिरली आणि स्पीकरमधून तंबोरा भरून वाहायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विक्रमवाले हातातल्या यंत्रावर आकडा मोजत होते. उगारेसाहेबांनी डोळे मिटले. मान हळूहळू हलायला लागली. त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झालेल्या मला तिथून दिसल्या, आणि खरं सांगते, माझ्या मनात आलं, जाऊ दे. एवढा मोठा माणूस आनंदात आहे, अब्बा आनंदात आहेत, तू कोण मोठी लागून गेलीस?

तेवढ्यात ती सावळजची पोर माझ्याकडे झुकली. बोटं फिरवत, ओठ न हलवता म्हणाली, “अक्का, माझ्यातनं आवाजच येईना. माझंच काय चुकतंय का?”

मी उठले.

साउंडवाल्याचं टेबल स्टेजच्या पायऱ्यांपाशी होतं. तो “ओ बाई, ओ बाई” म्हणेपर्यंत मी सीडीची वायर धरून ओढली. पिन निघाली. स्पीकरमध्ये एक ठाप वाजली आणि सगळं थांबलं.

सगळं नाही. मुलींना कळलंच नव्हतं, त्यांची बोटं फिरतच होती. त्या ब्याऐंशी तंबोऱ्यांचा आवाज मांडवभर आला. पत्र्यावर खडे टाकावेत तसा. ठक, ठण्, ठक. एकेक पोर दचकून थांबत गेली. विक्रमवाल्याने यंत्र खाली घेतलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

शेवटी एकोणीसच तंबोरे वाजत राहिले. इकडे एक, तिकडे दोन. बारीक होते, पण बोलत होते.

रणदिवे धावत माझ्या अंगावर आला. “काय केलंत तुम्ही? अक्कल आहे का?”

“आहे. म्हणून केलं.”

उगारेसाहेबांनी डोळे उघडले होते. ते उठले, मंत्र्यांनी पुढे केलेल्या हाताकडे न बघता स्टेजवर चढले. चपला खाली काढल्या. मुलींच्या रांगांमधून वाकत वाकत निघाले. एकेका तंबोऱ्याशी कान न्यायचे आणि तार छेडायचे. तीन मुके, एक बोलणारा. पाच मुके. परत एक बोलणारा. पूर्ण फेरी मारून ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“बोलणारे किती?”

“एकोणीस.”

“बाकीचे?”

“त्यांची जवारी झाली नाही. कुणाच्या गळ्यासाठी ते तुमच्या माणसांना सांगता आलं नाही.”

“हे मला आधी सांगायचं होतं.” आवाज चढलेला नव्हता, पण हजार माणसांना पगार देणाऱ्याचा होता. “सगळ्यांसमोर शोभा करायची गरज नव्हती.”

“तुम्हाला सांगायला तुमच्यापर्यंत पोचायला तर पाहिजे! तीनदा सांगितलं रणदिव्यांना. आणि शोभा मी नाही केली, साहेब. ही पोर,” मी सावळजच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, “ही मला विचारत होती, माझंच चुकतंय का म्हणून. तुम्ही दान दिलं आणि चुकली ती. हे कसलं दान?”

तोंडातून गेलं खरं. मुलगी रडायला लागली. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते अब्बांकडे वळले.

“दस्तगीर, तुमच्या हाताखालून असा माल जातोच कसा? जवारी तुम्ही केलीत ना?”

अब्बा खुर्चीतून उठले. अंगावर नुकतीच घातलेली सत्काराची शाल होती. त्यांनी उजवा हात पुढे केला. नुसता धरला, सगळ्यांना दिसेल असा. तो थरथरत होता.

“चार वर्षं झाली, साहेब,” ते म्हणाले. “जवारी माझी लेक करते. हे एकोणीस तिचे. तुमच्या दिवाणखान्यातला, तोही तिचाच.”

तो तंबोरा साहेबांनी दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हर पाठवून नेला होता. आल्यागेल्याला दाखवायचे, हा दस्तगीरचा हात म्हणून. साहेब माझ्याकडे वळले. मला गप्प बसता आलं असतं. पण तोंड सुटलं होतं.

“तेव्हाही विचारलं होतं, कुणाच्या गळ्यासाठी. तुमचा ड्रायव्हर म्हणाला, हॉलमध्ये ठेवायचाय. मी आपला अंदाजाने पांढरी एकला लावून दिला.”

साहेब खाली उतरले, चपला घातल्या आणि गाडीत बसून निघून गेले. विक्रम झाला नाही. जेवणाच्या पंगती मात्र उठल्या.

अब्बा अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवण पुढ्यात ठेवलं की जेवायचे, ताट सरकवायचे. गल्लीत निम्मे लोक म्हणायचे, पोरीने घर बुडवलं. उरलेले निम्मे तेच म्हणायचे, फक्त माझ्या पाठीमागे. आता मोठी गिऱ्हाइकं यायची नाहीत, हे मलाही कळत होतं. पण मी माफी मागायला जाणार नव्हते. अब्बांनी दोनदा बाहेरचा सदरा अंगात चढवला, सांगलीला जायला. दोन्ही वेळा मी विचारलं, “कशाची माफी मागणार? खरं बोलल्याची?” दोन्ही वेळा त्यांनी सदरा काढून खुंटीला टांगला.

बाराव्या दिवशी दुपारी गल्लीत टेम्पो शिरला. ब्याऐंशी तंबोरे. हमाल उतरवून ओट्यावर, भिंतीशी, शेजारच्यांच्या दारात टेकवत चालले. बायका कवाडांतून बघत होत्या. झालं, माल परत आला, अब्बांच्या तोंडावर लिहिलं होतं. ते कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले.

टेम्पोमागून गाडी आली. रणदिवे उतरला, हातात पेटी. गाणाऱ्यांची, सुरांची पेटी. त्याच्यामागून उगारेसाहेब. रणदिवेने या खेपेला बूट दाराबाहेर काढले.

मी पाणी दिलं. गिऱ्हाईक असो नाहीतर भांडायला आलेला, पाणी द्यायचं ते द्यायचं. साहेबांनी ते पिऊन भांडं खाली ठेवलं आणि खिशातून शाळेची शंभर पानी वही काढली.

“घ्या. गळे आणलेत.”

मी वही उघडली. गाव, शाळा, मुलीचं नाव, पुढे सूर. कवलापूर, काळी चार. आरग, काळी पाच. भोसे, पांढरी पाच. पानामागून पान, वळणदार अक्षर.

“हे कुणी लिहिलं?”

“साहेबांनी,” रणदिवे म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. “अकरा दिवस गावोगाव फिरतोय आम्ही. साहेब पेटी घेऊन बसतात, मुलीला ‘सा’ लावायला लावतात. कारखान्यात पाऊल ठेवलेलं नाही.”

“तुम्हाला सूर कळतो?” मी साहेबांनाच विचारलं.

“विसाव्या वर्षापर्यंत शिकत होतो,” ते म्हणाले. “मग वडील गेले आणि कारखाना गळ्यात पडला.” भांडं बाजूला सारून म्हणाले, “त्या दिवशी मी सीडीवर डोळे मिटून डोलत होतो. समोर पोरी मुक्या तारा छेडत होत्या आणि मला ऐकू आलं नाही. तुम्ही वायर ओढली नसती तर घरी जाऊन सांगितलं असतं, काय सूर लागला होता आज!”

अब्बा भिंतीकडून हळूच वळले.

मी वही वाचत गेले. सावळजच्या ओळीवर थांबले. “हे चुकलंय.”

“बिल्कीस!” बाराव्या दिवशी अब्बांचा पहिला शब्द.

“चुकलंय तर चुकलंय म्हणू नको? तिचा बोलण्याचा आवाज मी ऐकलाय. काळी पाच नसणार. घाबरून वर लावला असेल. तिला इथं पाठवून द्या. आणि तिलाच कशाला, सगळ्यांनाच पाठवा, दर शनिवारी. समोर बसून गायल्याशिवाय मी कानस लावणार नाही. वही चांगली आहे, पण वही गात नाही.”

“पाठवतो.”

“आणि स्टिकर नाही लावायचे.”

“नाही.”

साहेब उठले, गाडीपाशी गेले, आणि मागच्या सीटवरून खोळीतला एक तंबोरा स्वतः उचलून आणला. मी लगेच ओळखला. दिवाणखान्यातला.

“आणि हा?”

“हाही करून द्या.”

“कुणाच्या गळ्यासाठी?”

त्यांनी दाराकडे बघितलं. गल्ली जमली होती. मग भोपळ्यांच्या पोत्यावर बसले, घसा साफ केला आणि ‘सा’ लावला. आवाज खरखरीत. मध्येच तुटला. परत लावला. पंचेचाळीस वर्षं ज्या खोलीत कुणी गेलं नाही, तिचं दार ढकलावं तसा तो निघत होता. रणदिवे जमिनीकडे बघत होता. मी नीट ऐकलं, आज्याची वही काढली आणि लिहिलं, उगारे, काळी एक.

“गळा कच्चा पडलाय,” मी म्हटलं. अब्बांनी कपाळाला हात लावला. “पण आहे.”

“कधी मिळेल?”

“तुमचा नंबर त्र्याऐंशी.”

रणदिवे कळवळला. “अहो ताई, साहेब पासष्ट वर्षांचे आहेत!”

“म्हणूनच सांगते, रियाज चालू ठेवा.”

साहेब मोठ्याने हसले. असं हसताना त्यांना कुणी पाहिलं नसावं, कारण रणदिवे घाबरला.

एकोणीस महिने लागले. दर शनिवारी मुली यायच्या, कधी एक, कधी दोन. ओट्यावर बसून गायच्या आणि आपला तंबोरा घेऊन जायच्या. कुणाच्या गळ्यासाठी हे आता अब्बा विचारायचे, मोठ्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं. जवारी कुणी केली विचारलं की माझ्याकडे बोट करायचे. सावळजच्या पोरीची काळी चार निघाली. मी म्हटलं नव्हतं?

ब्याऐंशीवा गेला त्या शनिवारी मी साहेबांना निरोप धाडला. ते एकटेच आले, बूट बाहेर काढले, पोत्यावर बसले. मी वही उघडली.

“लिहिलेला आहे की माझा,” ते म्हणाले.

“तो दीड वर्षापूर्वीचा. परत लावा.”

त्यांनी ‘सा’ लावला. तुटला नाही. मी अब्बांकडे बघितलं, अब्बांनी माझ्याकडे. मग मी ‘काळी एक’वर काट मारली आणि शेजारी, अर्धा सूर वर, ‘पांढरी दोन’ लिहिलं.